सावधपणा पुरत नाही

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी अशी व्यासपीठं उभी राहिली. इतिहास, वाङ्मय, अर्थकारण, अध्यात्म, आरोग्य या विषयांवर महाराष्ट्रानं या व्यासपीठांवरून भरपूर ऐकलं. हातानं काम करणाऱ्या माणसाच्या हाताबद्दल मात्र फार थोडं बोललं गेलं. यंदा संयोजकांनी वर्कशॉपमधल्या विजेच्या हत्यारांचा विषय ठरवला आणि आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक म्हणून काम केलेल्या माणसाला बोलावलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

हा विषय आता कारखान्याच्या फाटकाआड राहिलेला नाही. या सभागृहातून निघून बाजारपेठेकडे चालायला लागा. ग्रिल-गेट बनवणारं फॅब्रिकेशनचं दुकान, फर्निचरवाल्याचा गाळा, फरशी बसवणारा मिस्त्री, प्लंबर, गाड्यांचं डेंटिंग करणारा, या प्रत्येकाच्या हातात ग्राइंडर, कटर किंवा ड्रिल दिसेल. पडद्याचा रॉड बसवायला घेतलेलं ड्रिल तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटातही असेल. ही हत्यारं आता किराणा मागवावा तशी घरपोच येतात. ती वापरायची कशी, हे शिकवणारा माणूस मात्र खोक्यासोबत येत नाही.

अपघात झाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: ‘त्याचं लक्ष नव्हतं.’ डॉक्टर म्हणतात, मालक म्हणतो, घरचे म्हणतात आणि ज्याचं बोट गेलं तोही मान खाली घालून तेच म्हणतो. माझा आजचा सगळा मुद्दा या वाक्याविरुद्ध आहे. लक्ष नव्हतं हे खरंच असेल. पण माणसाचं लक्ष दिवसातून कितीतरी वेळा ढळतं. फोन वाजतो, गिऱ्हाईक दारात येतं, जेवणाची वेळ टळून गेलेली असते, लग्नसराईत रात्री जागून काम उरकायचं असतं. लक्ष ढळणार हे धरूनच वर्कशॉप मांडायला हवं. लक्ष ढळलं तरी बोट जाऊ नये, अशी व्यवस्था आधी करून ठेवणं यालाच मी सुरक्षितता म्हणतो. ‘जपून काम कर रे’ असं सांगणं हा आशीर्वाद आहे, तेवढ्यावर हात शाबूत राहत नाही.

सावधपणा का पुरत नाही, ते आकड्यांत पाहू. आपल्या सुताराची जुनी हत्यारं डोळ्यांसमोर आणा: वाकस, करवत, रंधा, पटाशी, गिरमिट. त्यांनीही जखमा होत. पण त्यांच्यामागे जोर असायचा तो माणसाच्या दंडाचा. हात थांबला की करवत थांबायची. पुढे हातात वीज आली. जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं १८९५ मध्ये हातात धरून चालवायचं विजेचं ड्रिल बनवलं. अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या जोडीनं १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानं दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळवलं. त्या खटक्यात मोठं शहाणपण आहे. बोट उचललं की वीज तुटते, म्हणजे माणूस दचकला, घसरला, पडला तरी यंत्राचा जोर तिथंच संपतो. आणि आपण काय करतो? बोट दुखतं म्हणून खटक्यावर चिकटपट्टी गुंडाळतो, नाहीतर तो सुतळीनं बांधून टाकतो.

आता वेग पाहा. बाजारातला साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १८३. काहीतरी विपरीत घडतंय हे डोळ्यांना दिसून हात मागे यायला निरोगी, ताज्यातवान्या माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्या वेळात चकतीचे ३६ फेरे होऊन गेलेले असतात. चकतीची कड ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं धावत असते. या शर्यतीत माणूस जिंकूच शकत नाही. ‘माझा हात चपळ आहे, मी वीस वर्षं काम करतोय’ असं जे म्हणतात, त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण अनुभवानं हाताचा वेग इतका कधीच वाढत नाही.

मी आज दोन वस्तू बरोबर आणल्या आहेत. पहिली ही कटिंगची चकती. दुकानात ती थोडक्या पैशांत मिळते, म्हणून आपण ती हाताळतोही तशीच. जरा जवळून पाहा. ही लोखंडाची नाही. दगडासारखे कठीण दाणे राळेत घट्ट बसवून, आत काचेच्या धाग्यांची जाळी घालून ती बनवलेली असते. तिच्यावर व्यास लिहिला आहे, १०० मिलिमीटर. जास्तीत जास्त किती फेरे सोसेल तो आकडा आहे, मिनिटाला सुमारे १५,०००. आणि कडेचा कमाल वेग आहे, सेकंदाला ८० मीटर. मधल्या धातूच्या कड्यावर बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष कोरलेलं आहे. ती चकतीची मुदत. राळ ओल धरते, काळानं कमकुवत होते, म्हणून चांगले उत्पादक साधारण तीन वर्षांची मुदत देतात. औषधाच्या पाकिटावरची तारीख आपण पाहतो, पण चकतीवरची तारीख पाहणारा माणूस मला क्वचित भेटला.

आता एक नेहमीची चूक पाहू. लहान ग्राइंडरची चकती खोलवर जात नाही म्हणून त्याच्यावर सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटरची चकती काहीतरी खटपट करून बसवतात. त्यासाठी गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढावाच लागतो. फेरे तेवढेच राहतात, व्यास वाढतो, त्यामुळे कडेचा वेग सेकंदाला सुमारे १०४ मीटर होतो. चकती बनवलेली आहे ८० साठी. चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे तिनं जेवढा ताण सोसायचा त्याच्या जवळजवळ १.७ पट तिच्यावर येतो. सात इंची चकतीसाठी सात इंची ग्राइंडर असतो आणि त्याचे फेरे मुद्दाम कमी, मिनिटाला ८,५०० च्या आसपास ठेवलेले असतात. हे गणित दहावीच्या मुलालाही करता येईल. ते फक्त वर्कशॉपच्या भिंतीवर कधी लिहिलं गेलं नाही.

दुसरी वस्तू हा गार्ड. हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ग्राइंडरवरचा. आतल्या बाजूला हा जो खोलगट ठोसा दिसतोय, तो फुटलेल्या चकतीच्या तुकड्यानं पाडलेला आहे. बोट फिरवून बघा, पत्रा किती आत गेलाय. गार्डच्या मागे त्याचा चेहरा होता. तो आजही त्याच दोन डोळ्यांनी काम करतो, कारण मधे हा पत्रा होता. हा गार्ड मी वर्गात प्रत्येक तुकडीला हातात घ्यायला लावत असे. भाषणानं जे पटत नाही ते हा ठोसा पटवून देतो.

मग गार्ड का काढला जातो? यावर नुसतं रागावून उपयोग नाही. कारागिराला विचारलं तर तो कारण सांगतो. ग्रिलच्या आतल्या कोपऱ्यात गार्ड अडतो. कापायची खूण दिसत नाही. गार्ड फिरवायला स्क्रू ढिला करावा लागतो आणि पाना सापडत नाही. ही कारणं खरी आहेत आणि प्रत्येकाला उपाय आहे. हातानं फिरवता येणाऱ्या गार्डचे ग्राइंडर मिळतात. आतले कोपरे जोडणी करण्याआधी साफ करता येतात, उरलेल्या ठिकाणी कानस चालते. पाना ग्राइंडरच्या वायरीलाच बांधून ठेवता येतो. एखाद्या दुकानात गार्ड काढलेला दिसला, तर तिथं कामाचा क्रम किंवा हत्याराची निवड चुकलेली आहे असं समजावं. मालकानं तिथून सुरुवात करावी.

ग्राइंडरचे बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. चकती खाली पडली असेल तर ती फेकून द्या, तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही. नवी चकती लावली की ती स्वतःपासून आणि माणसांपासून दूर धरून मिनिटभर मोकळी फिरू द्या. कापायच्या पातळ चकतीनं घासू नका, बाजूचा दाब तिला सोसत नाही. बाजूची मूठ लावून दोन्ही हातांनी धरा. चकतीच्या रेषेत उभे राहू नका, थोडे बाजूला सरका. आणि स्विच बंद केला म्हणजे यंत्र थांबलं असं समजू नका. चकती नंतरही काही सेकंद फिरत असते आणि तशीच खाली ठेवली तर ग्राइंडर पायाकडे धावतो. नवा घ्यायचा असेल, तर मूठ दाबून धरेपर्यंतच चालणारा ग्राइंडर घ्या. थोडे पैसे जास्त पडतील. ते पैसे सार्थकी लागतात.

आता सुतारकामाकडे वळू. आपल्याकडे एक हत्यार फार चुकीच्या जागी पोचलं आहे, ते म्हणजे मार्बल कटर. नावाप्रमाणे ते फरशी आणि दगड कापायला बनवलेलं. त्याला बसते ती हिऱ्याच्या कणांची चकती, तिला लाकडाच्या ब्लेडसारखे दात नसतात. पण ते हलकं आहे, स्वस्त आहे, म्हणून त्याच्यावर लाकडाचं दातेरी ब्लेड चढवून प्लायवूड कापतात. लाकडासाठी बनवलेल्या सात इंची गोल करवतीचे फेरे मिनिटाला साधारण पाच-साडेपाच हजार असतात, मार्बल कटरचे १२,००० च्या पुढे. त्या करवतीला खाली स्प्रिंगचा गार्ड असतो. लाकडातून बाहेर आली की तो आपोआप ब्लेड झाकून घेतो. मार्बल कटरला तो नसतो. पुष्कळ कटरचा स्विच सरकवून अडकवायचा असतो, म्हणजे हातातून निसटला तरी कटर फिरतच राहतो.

अपघात होतो तो असा. प्लायचा तक्ता दोन स्टुलांवर टेकवला आहे आणि कापणारा मधोमध कापतोय. काप पुढे सरकतो तसा तक्ता मधे वाकतो. वाकला की कापाची फट वरच्या बाजूनं मिटते आणि ब्लेडला चिमटा बसतो. ब्लेड अडकतं, पण मोटार जोर लावत असते. खाली दात पुढच्या दिशेला धावत असतात, त्यामुळे सगळं यंत्र उलट, म्हणजे धरणाऱ्याच्या अंगावर, मागे उसळतं. फरशीवर वाकून, एक पाय तक्त्यावर ठेवून कापणाऱ्याची मांडी तिथंच असते. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ उरत नाही. हे सगळं घडायला डोळ्याची पापणी लवण्याएवढा वेळ लागतो, म्हणून मी सावधपणावर भरवसा ठेवू नका म्हणतो. भरवसा ठेवायचा तो तक्त्याखालच्या आधारावर. कापाच्या दोन्ही बाजूंना, कापाच्या जवळ आधार द्या. काप मिटणार नाही, तो उघडेल अशी मांडणी करा. लांब काप असेल तर मागे फटीत लाकडाची पाचर खोचत जा. तक्ता क्लॅम्पनं पक्का करा, पायानं दाबू नका.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे हाच कटर उलटा करून प्लायच्या टेबलाखाली बसवणं. वर उघडं ब्लेड, गार्ड नाही, स्विच टेबलाखाली. कारखान्यात बनलेल्या टेबल सॉला ब्लेडच्या मागे एक पातळ पोलादी पट्टी असते, ती फट मिटू देत नाही. ब्लेडवर झाकण असतं. हाताशी लाल बटण असतं. अमेरिकेत स्टीफन गॅस या गृहस्थानं १९९९ मध्ये अशी युक्ती शोधली, की ब्लेडला कातडी लागताच त्यातला विद्युत संकेत बदलतो आणि पाच मिलिसेकंदांत ब्लेड जागच्या जागी थांबतं. ते यंत्र महाग आहे, प्रत्येकाला परवडणार नाही. पण त्याच्यामागचा विचार सर्वांनी घेण्याजोगा आहे: त्या माणसानं सुताराला आणखी जपून काम करायला सांगितलं नाही, त्यानं यंत्र बदललं. आपल्या दुकानात तोच विचार फुकटात करता येतो. शेवटची वीतभर पट्टी हातानं ढकलू नका, खाच पाडलेल्या काठीनं ढकला. ती काठी टेबलालाच दोरीनं बांधून ठेवा, म्हणजे शोधावी लागणार नाही. कापली गेली तर काठी कापली जाईल.

ड्रिलकडे लोक गरीब यंत्र म्हणून पाहतात. पण ड्रिल गुंडाळून घेतं. ओढणी, साडीचा पदर, लुंगीचा सोगा, सुटे केस, गळ्यातली माळ, मनगटातला दोरा, यांतलं काहीही फिरत्या चकला, म्हणजे बिट धरणाऱ्या भागाला, लागलं की ते आत ओढलं जातं आणि त्याच्यामागे माणूस. म्हणून स्टँडच्या ड्रिलवर, लेथवर, टेबल सॉवर कापडी हातमोजे घालू नका. एरवी हातमोजे चांगले. इथं मात्र मोज्याचा धागा अडकला तर बोट पिळवटून निघतं. अंगठी काढून ठेवा. आणि पत्रा हातानं धरून भोक पाडू नका. बिट आरपार निघताना पत्र्यात अडकतं आणि पत्रा गर्रकन फिरतो. व्हाइसमध्ये धरा किंवा क्लॅम्प लावा. चकची चावी चकमध्येच ठेवून स्विच दाबला, तर ती गोळीसारखी सुटते. बिट किंवा ब्लेड बदलताना प्लग काढा, बॅटरीचं यंत्र असेल तर बॅटरी काढा. फक्त स्विच बंद करून भागत नाही.

आता विजेबद्दल. आपल्या साइटवर एक दृश्य रोज दिसतं. वायरीला प्लग नसतो. दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून आगकाडीनं घट्ट केलेली असतात. तिसरी, हिरवी अर्थिंगची तार कापून टाकलेली असते, कारण तिला खोचायला जागा नसते. यंत्राच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला जी सुखरूप वाट दिलेली होती ती अशी बंद होते, आणि वीज मग माणसाच्या अंगातून वाट काढते. ‘घरात एमसीबी आहे की’ असं अनेकजण म्हणतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरची एमसीबी तेवढा प्रवाह सहज वाहू देते आणि माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शेकडो पट कमी, काही दशक मिलिअँपिअर पुरतात. माणूस वाचवतं ते दुसरं उपकरण, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडला की ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर एक ‘टेस्ट’ बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. ज्याच्या दुकानात ती नाही त्यानं पुढचं नवं हत्यार घेण्याआधी ती बसवावी.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागातली. काम चालू असताना लाईट जाते. कारागीर हत्यार तसंच ठेवून चहाला जातो. स्विच चालूच असतो. अर्ध्या तासानं लाईट येते आणि बाकावरचा ग्राइंडर आपोआप फिरायला लागतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर शेतकऱ्याला ठाऊक आहे. वीज गेली की त्याच्या नो-व्होल्ट कॉइलमुळे तो सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. वर्कशॉपच्या स्थिर यंत्रांना असाच स्टार्टर हवा. हातातल्या हत्यारांसाठी एकच सवय लावा: लाईट गेली की आधी प्लग काढायचा, मग चहा.

आतापर्यंत सांगितल्या त्या क्षणात होणाऱ्या जखमा. काही जखमा वर्षानुवर्षं होत राहतात आणि रक्त येत नाही म्हणून कोणी त्यांना जखम म्हणत नाही. ग्राइंडरचा आवाज कानाशी १०० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येतं आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबानं १०० डेसिबलला मिळतात फक्त १५ मिनिटं. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कानातले रबरी बोळे अगदी थोड्या पैशांत मिळतात. लाकडाचा बारीक भुसा नाकात आणि सायनसमध्ये कर्करोग करू शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच त्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ग्रॅनाइट, कडाप्पा, सिमेंटची भिंत कोरडी कापताना उडणारी धूळ फुप्फुसात सिलिकोसिस करते. कृत्रिम दगडाच्या ओट्यांमुळे तरुण कारागीर सिलिकोसिसनं आजारी पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्या दगडावरच बंदी घातली. आपल्याला लगेच करता येण्याजोगं म्हणजे पाणी सोडत कापणं. पाणी आणि वीज एकत्र आली की आरसीसीबी हवीच. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लागतो.

डोळ्यांबद्दल एक विनंती. डोळ्यात कण गेला की शेजारचा माणूस आगकाडीनं किंवा रुमालाच्या टोकानं तो काढतो, आणि हे कौशल्य मानलं जातं. लोखंडाचा कण बुबुळावर रुतला तर काही तासांत त्याभोवती गंजाचं कडं धरतं. ते नेत्रतज्ज्ञानंच काढायचं असतं. ठिणगी उडते तिथं बाजूनं बंद असलेला सेफ्टी चष्मा लावा. नंबरचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही.

मग हे सगळं कोणी पाहायचं? कायदा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमानं यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणं सक्तीचं केलं. २३ व्या कलमानं सांगितलं, की कोवळ्या वयाच्या कामगाराला पूर्ण शिकवल्याशिवाय आणि जाणकाराच्या देखरेखीशिवाय धोकादायक यंत्रावर लावायचं नाही. ३५ व्या कलमानं डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद केली. पण हा कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० कामगार असतील तर लागू होत असे, आणि कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेनं ही संख्या २० वर नेली. आपल्या बाजारपेठेतल्या गाळ्यात मालक, एक मिस्त्री आणि एक हेल्पर असतो. तिथं तपासायला निरीक्षक येणार नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के गेली असा हिशेब मांडलेला होता. पण जो स्वतःच मालक आणि स्वतःच कारागीर आहे, त्याला ही भरपाई देणार कोण? आणि रंधा धरणाऱ्या उजव्या हाताचा अंगठा म्हणजे फक्त ३० टक्के, असं कोणता सुतार म्हणेल?

म्हणून लहान वर्कशॉपमध्ये निरीक्षकाची जागा मिस्त्रीनं घ्यायची आहे. नवा पोरगा कामाला येतो तेव्हा तो पुस्तक वाचून शिकत नाही, मिस्त्रीच्या हाताकडे बघून शिकतो. मिस्त्रीनं चष्मा लावला तर तो लावतो. मिस्त्रीनं गार्ड काढला तर त्याला वाटतं, चांगला कारागीर गार्डाशिवाय काम करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार यांच्यासह १८ व्यवसायांच्या कारागिरांना प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. गावोगावी नवी यंत्रं त्यातून येतील. माझी मागणी आहे, की या पैशांतलं पहिलं हत्यार सेफ्टी चष्मा असावं आणि प्रशिक्षणाचा पहिला तास गार्ड, प्लग आणि अर्थिंगवर व्हावा.

आणि तरीही अपघात झालाच तर? जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात हृदयाच्या वर उचलून ठेवा, १०८ ला फोन लावा. हळद, कॉफी, ग्रीस असलं काही जखमेवर लावू नका. बोट तुटलं असेल तर ते शोधा. स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पेशी गोठून मरतात. अशा रीतीनं थंड ठेवलेलं बोट कित्येक तासांनंतरही जोडता येण्याची शक्यता असते. आपल्या जवळ अशी शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होते ते आजच विचारून ठेवा आणि तो नंबर भिंतीवर लिहा.

श्रोतेहो, तुमच्यापैकी बहुतेकजण कारागीर नाहीत, गिऱ्हाईक आहात. तुमच्याही हातात बरंच काही आहे. ‘उद्याच गृहप्रवेश आहे, रात्रीत संपवा’ असं म्हणू नका. घरी काम करायला आलेल्या माणसाला प्लग आणि अर्थिंगचं सॉकेट द्या. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नसेल तर विचारा, आणि चष्म्याचे, मास्कचे पैसे बिलात धरले तर घासाघीस करू नका. घरचं ड्रिल बाहेर काढाल तेव्हा मुलांना दूर ठेवा आणि भिंतीत वायर किंवा पाइप कुठून गेला आहे ते आधी पाहा.

वर्कशॉपच्या मालकांना एवढंच सांगतो. खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊनपुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो, त्या दिवशी यंत्र चालवत नाही. यंदा त्याच दिवशी प्रत्येक यंत्राचा गार्ड, वायर, प्लग आणि चकतीची तारीख तपासा आणि जे सदोष असेल ते बाजूला काढा. पण तोपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी शटर उघडलं की पहिलं यंत्र सुरू करण्याआधी काढून ठेवलेला गार्ड शोधा, तो बसवा आणि मगच कामाला हात घाला.